चिपाड्याची माळ

गेल्या आठवड्यात गावात यंदाचा पहिला टँकर आला. बायका घागरी घेऊन पळाल्या, मीही पळाले. पन्नाशीला आले तरी टँकरकडे सावकाश चालत जाणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. पाणी घेऊन घरी आले, घागर ठेवली आणि सरळ मूठभर तांदूळ धुऊन शिजत टाकले. भात मऊ झाल्यावर त्यात दही कालवलं, बोटांनी गुठळ्या मोडल्या आणि वाटी हातात घेऊन उभी राहिले. घरात खाणारं कोणीच नव्हतं. नवरा नोकरीपायी बीडला, लेक शिकायला पुण्यात. आणि ज्याच्यासाठी हातांनी आपणहून भात कालवला होता, त्याला जाऊन काही वर्षं झाली. मग मीच तो भात खाल्ला. अळणी होता. त्याच्यासाठी कालवताना मी मीठ घालत नसे.

लोकांना दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीन आठवते. मला दही-भाताचा वास आठवतो, त्यात मिसळलेला शेणाचा आणि उसाच्या वाळक्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याच्या पाल्याचा. तो सगळा वास मिळून मागच्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षीची चारा छावणी.

तेलगावच्या अलीकडे आमचं गाव. मी तेव्हाही महिला दूध संस्थेची सचिव होते, आजही आहे. दूध मोजायचं, फॅट लावायची आणि भांडणं मिटवायची, एवढं माझं काम. मला कुत्र्यांची कधी हौस नव्हती. म्हशीची आहे, कारण म्हैस दूध देते. त्यामुळे त्या वर्षी दिवाळी झाल्याझाल्या सुमन दारात येऊन उभी राहिली आणि तिच्या पदराखालून कुत्र्याचं तोंड बाहेर आलं, तेव्हा मी आधीच सांगितलं, "न्हाई जमायचं."

सुमन आमच्या संस्थेची सभासद. एक म्हैस होती तिची, ती त्या साली विकली होती. ती आणि तिचा नवरा दरवर्षी ऊस तोडायला जात, दूर पश्चिमेकडच्या साखर कारखान्याला. त्या वर्षी तर गावात उरणारेच मोजके. आदल्या हंगामात तिला उसाच्या फडात हे पिल्लू सापडलं होतं. चरकातून निघालेल्या चिपाडासारखं कोरडं आणि हलकं, म्हणून नाव चिपाड्या. वर्षाचं झालं तरी मांजराएवढंच होतं.

"ताई, न्यायला न्हाई येत त्याला. मधीच गरगर फिरतंय, पडतंय. फडात बैलाच्या पायाखाली येईल. मुकादम म्हणतो, सोडून दे वाटंत."

"मग मी काय करू?"

"पाडव्यापतूर सांभाळा. पट्टा पडला की आलेच मी." कारखान्याचा हंगाम संपला की आमच्याकडे पट्टा पडला म्हणतात. "आन् ही घ्या."

बाहेर अंगणात खुराडं ठेवलेलं होतं. त्यात दोन कोंबड्या.

"ह्या कावून?"

"त्याला रोज एक अंडं लागतंय ना. तुमच्यावर भार नको."

कुत्र्यासोबत त्याच्या खुराकाची सोय करून आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? मी कोंबड्या ठेवून घेतल्या, त्यांच्यासोबत कुत्राही राहिला. सुमन गेली तेव्हा तो दाराशी बसून रस्त्याकडे बघत होता. रडला-बिडला नाही. मला ते आवडलं.

मी दिलेला शब्द पाळणारी बाई आहे. सुमननं रोज अंडं सांगितलं, मी रोज अंडं घातलं. कधी उकडून, कधी दुधात फेटून. आणि रोज अंडं खाऊन चिपाड्या तासाभरानं भिंतीला कपाळ टेकवून उभा राहायचा. झोपायचा नाही, भुंकायचा नाही, नुसता भिंतीला डोकं लावून उभा. जणू पलीकडून कुणी हळू बोलतंय आणि तो ऐकतोय. मग एकाच अंगाला गोल गोल फिरायचा, तोंडातून लाळ गळायची. शेवटी पाय पसरून पडायचा. मी म्हणायचे, अशक्त आहे, आणि दुसऱ्या दिवशी अंडं दोन्ही कोंबड्यांचं घालायचे.

आमच्या भागात दुसरा उपायच माहीत नाही. बाळंतीण असो, आजारी माणूस असो, सासरहून वाळून आलेली लेक असो, अंगाला लागेल असं खाऊ घालायचं. ज्या घरात काही नसतं तिथेही पाहुण्याच्या ताटात वरून तेल ओततात. माया दाखवायची आमची हीच रीत आहे आणि दुष्काळात ती कमी होत नाही, वाढते.

गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, "हे माझ्या हातचं नाही. परभणीला न्या, पशुवैद्यकीय कॉलेजात." एका कुत्र्यासाठी परभणी! पण सुमनचा दर रविवारी फडातून फोन यायचा. मागे कोयत्यांचा आणि ट्रॅक्टरचा आवाज, आणि हिचा एकच प्रश्न, "ताई, हाय ना?" कसा आहे असं ती विचारत नसे. आहे ना, एवढंच. त्या प्रश्नाला 'न्हाई' म्हणायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढ्या स्वार्थापोटी मी एका सकाळी चिपाड्याला वेताच्या टोपलीत घातलं, दुधाच्या टेम्पोतून तेलगाव गाठलं आणि तिथून जीपनं परभणी.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, पोटावर थंड जेल लावून सोनोग्राफी केली. चिपाड्या सगळा वेळ माझ्या अंगठ्यावर हनुवटी ठेवून होता. बाईंनी समजावून सांगितलं. पोटाकडून येणारं रक्त यकृतातून गाळून पुढे जायला हवं. याच्यात जन्मापासूनच एक जादाची नस आहे, रक्त त्या नसेतून परस्पर निघून जातं. यकृताला पोषण नाही म्हणून ते लहानच राहिलं, म्हणून कुत्रं वाढलं नाही. आणि न गाळलेलं रक्त मेंदूकडे जातं, म्हणून गरगरणं.

"म्हणजे चारी फुटल्यासारखं," मी म्हणाले. "कालव्याचं पाणी शेताला लागायच्या आधीच ओढ्याला जातं, तसं."

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "ती फूट बांधायचं ऑपरेशन असतं, पण इतक्या अशक्त जिवाला आत्ता झेपणार नाही. मांस, मासे, अंडी खातो का?"

"रोज अंडं."

"ते त्याला विष आहे."

दही-भात, वरण-भात, तेही थोडं थोडं, दिवसातून बरेचदा, एवढंच त्याला चालणार होतं. शिवाय गोळ्या, आणि माणसांना पोट साफ होण्यासाठी देतात ते गोड पातळ औषध. ते घ्यायला मेडिकलमध्ये गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं, "किती दिवसांपासून त्रास आहे, ताई?" मी म्हटलं, "जन्मापासून."

रविवारी सुमनला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "ताई, अंडं तर मीच घालीत होते की. मागल्या सालापासून."

"मी पण घातलं. आता नाही घालायचं."

"मग त्यानं खायाचं काय? नुसता भात? त्यानं जगंल?"

"त्यानंच जगेल."

फोन बंद झाला. त्यानंतरचे रविवार तिच्या आवाजात थोडी अढी असायची. पोटभर न खाऊ घालणाऱ्या बाईवर विश्वास कसा ठेवायचा, हे तिला कळत नसावं.

संक्रांत झाली आणि छावणी लागली. गायरानावर, गावापासून थोडी दूर. आमच्याच संस्थेनं ती चालवायला घेतली होती, त्यामुळे सकाळपासून अंधार पडेपर्यंत मी तिथे. माझ्या दोन म्हशी एका बाजूला, टेबल-खुर्ची दुसऱ्या बाजूला, आणि टेबलाखाली पोत्यावर चिपाड्या. ओळीनं बांधलेली गुरं, त्यांच्याशेजारी बाजा टाकून राहिलेली माणसं, तीन दगडांच्या चुली. दुपारी ऊन असं लागे की बैल डोळे मिटून उभे राहत, पण संध्याकाळी चुली पेटल्या की सगळं गायरान एका मोठ्या घरासारखं वाटे. आणि प्रत्येक चुलीवर एकच वास. बोंबील. दुष्काळात भाजी कुठली? भाकरी आणि भाजलेला वाळका बोंबील.

माझी खरी लढाई तिथे सुरू झाली. टेबलाखाली बसलेलं ते हाडकुळं कुत्रं बघून सगळ्या छावणीला पाझर फुटला. मी पाण्याचं बघायला गेले की कुणी बोंबलाचं डोकं टाकी, कुणी सुकटीत भाकर कुस्करून ठेवी. मी परत येईपर्यंत चिपाड्या टेबलाच्या पायाला कपाळ लावून उभा.

सगळ्यांत पुढे गयाबाई. शेजारच्या दावणीला तिची गाय होती. स्वतः वाळून कोळ झालेली म्हातारी, पण हात सैल.

"गयाबाई, सांगितलं ना, त्याला काही घालायचं नाही!"

"एवढंसं तर घातलं बाई. कसं बघतंय ते माझ्याकडं."

"आजारी आहे तो."

"आजारी हाय म्हणूनच घालतेय की! धडधाकटाला कोण घालतंय?"

मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहून टेबलाला टांगलं, 'या कुत्र्यास काहीही खाण्यास देऊ नये. हुकुमावरून.' माणसं यायची, मोठ्यानं वाचायची, हसायची आणि वाचता वाचता तुकडा टाकायची. एक जण म्हणाला, "सचिवबाई, जनावराला उपाशी ठेवायला छावणी काढली का?" दुसऱ्यानं सरळ सांगितलं, "सुमनचं कुत्रं हाय, आपलं न्हाई, म्हणून हाल करायलाय तुमी." त्या दिवशी चिपाड्याला दोनदा झटका आला. मी त्याच्या हिरड्यांना गुळाचं पाणी लावत बसले होते आणि पहिल्यांदा मनात आलं, पाडव्यापर्यंत हा पोचत नाही.

ते सगळं पलीकडून किसनतात्या बघत होते. एका बैलाचे धनी. माळकरी माणूस. त्यांची चूल वेगळी, तवा वेगळा, बोंबलाच्या वासाकडे पाठ करून बसलेले. ते उठून आले, उकिडवे बसले, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"बाई, मी इथं आल्यापासून मला कुणी बोंबील दिलाय का?"

"तुम्हाला कोण देईल, तात्या? तुमच्या गळ्यात माळ आहे."

"मग?"

ते एवढंच म्हणाले. मला कळायला थोडा वेळ लागला. आमचं घर बौद्ध. भिंतीवर बुद्धाचा फोटो, माळ-बुक्क्याशी आमचा संबंध नाही. मी म्हटलं, "तात्या, मी नाही घालणार. तुमच्यात कुणाला वाईट वाटलं तर मला निस्तरायचं."

"तुमी नगाच घालू. मी घालतो." त्यांनी पिशवीतून जुनी तुळशीची माळ काढली, दोन पदर करून त्या बारक्या मानेत बसेल अशी गाठ मारली आणि चिपाड्याच्या गळ्यात घातली. भोवती माणसं जमली. गयाबाई तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "आगं माय! कुत्र्याला माळ? पाप लागंल तात्या."

"माळ घालून मटण खाल्लं तर पाप. ते बिचारं मागतंय का? तुमी घालताय." तात्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "आता घाला कुणाला घालायचं त्यानं."

कुणीही घातलं नाही. माझ्या आरडाओरड्यानं, पुठ्ठ्यानं, परभणीच्या डॉक्टरांच्या नावानं जे झालं नव्हतं, ते एका क्षणात झालं. कुत्र्याचं यकृत कुणाला समजलं नाही, माळ सगळ्यांना समजली. ज्यांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता तेही बोंबील खाताना चिपाड्याकडे पाठ करू लागले.

दोन दिवसांत त्याचा चिपाडबुवा झाला. माणसं जाता-येता "रामकृष्णहरी, बुवा" म्हणायची. गयाबाईचा हात तरी किती दिवस रिकामा राहणार? एकादशीला ती वाटीत भगर घेऊन आली. "उपास असंल ना त्याचा?" मी भगरीचा विचार केला, हरकत घेण्यासारखं त्यात काही सापडलं नाही. "चार बोटं घाला फक्त," म्हटलं. भगर त्याला चांगली मानवली. मग दर एकादशीला त्यांचं ठरून गेलं.

माळ घातली म्हणून कुत्रं संत झालं नाही, हेही सांगायला हवं. वारा तिकडून आला की त्याच्या नाकपुड्या फुलायच्या. माळ त्याच्या गळ्यात होती, नाकाला नव्हती. पण त्याचं गरगरणं थांबत आलं. मार्चच्या उन्हात सगळं जग वाळत असताना त्याच्या अंगावर तेवढी केसांची नवी लव आली. मी टेबलाशी चाऱ्याच्या पावत्या फाडायचे आणि पायाच्या बोटांना त्याचा ऊबदार श्वास लागायचा. इतका गरम उन्हाळा, पण मी पाय बाजूला घेत नसे.

या सगळ्यात सुमननं तिकडे काय केलं होतं, ते पाडव्याच्या आधीच्या रविवारी कळलं. "ताई, पट्टा पडला. येतोय आमी. आन् त्याला झटके आलते म्हणालात ना, तवाच मी दर्ग्याला कंदुरी बोलले. तो जगला तर बोकड देईन म्हणून."

मी कपाळावर हात मारला. कंदुरी म्हणजे दर्ग्याला बोललेलं बोकड. आमच्याकडे सगळ्या जातींची माणसं नवस बोलतात आणि सगळ्या जातींची जेवायला येतात. ज्याच्यासाठी नवस, त्याच्यापुढे पहिलं ताट ठेवायचं, अशी सुमनच्या घरातली रीत. ज्या कुत्र्याला मटणापासून वाचवलं, त्याच्या वाचण्याबद्दल मटण.

ट्रॅक्टरची ट्रॉली छावणीपाशी थांबली, सुमन उडी मारून उतरली. उन्हानं काळी पडलेली, हाताला पट्ट्या. चिपाड्या टेबलाखालून निघाला आणि सरळ रेषेत पळत गेला. सरळ रेषेत पळताना त्याला सुमननं कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं त्याला उचललं, तोंड त्याच्या मानेत घातलं, आणि तिच्या गालाला माळ लागली.

"हे काय?"

माळेचं फोनवर सांगायचं राहूनच गेलं होतं, ते सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे माझ्या हातचं आता त्यानं कायबी खायाचं न्हाई? मी कंदुरी बोललेय ताई. त्याच्याच नावानं बोललेय."

"कंदुरी कर. पण त्याला घालू नकोस."

"एक फोडबी न्हाई? नवसाचं हाय ते. नवसाचं कसं बाधंल?"

"सुमन, त्याच्या यकृताला नवस कळत नाही."

बोलून गेले आणि वाटलं, फार कोरडं बोलले. पण गोड शब्दात सांगितलं असतं तर तिनं एक फोड घातलीच असती. ती कुत्र्याला घेऊन घरी गेली. माझ्या टेबलाखाली नुसतं पोतं राहिलं. कंदुरीपर्यंतच्या चार-पाच दिवसांत मी तिच्या घरी गेले नाही. आता कुत्रं तिचं होतं, आणि ती काय करेल ते मला सांगता येत नव्हतं.

दर्गा आमच्या गावाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली. सुमनच्या भावानं बोकड दिलं होतं. दुष्काळात एवढा मटणाचा वास म्हणजे अर्धी छावणी लोटली. एका अंगाला चटया टाकून माळकऱ्यांची वेगळी पंगत, त्यांना वरण-भात. तिथे किसनतात्या आणि आणखी तिघं-चौघं. दुसऱ्या अंगाला आम्ही सगळे. गयाबाई माझ्याशेजारी, डोळे देगचीवर.

चिपाड्या सुमनच्या पायाशी बसला होता, दोरीनं बांधलेला. नाक आभाळाकडे, सगळं अंग थरथरत. सुमननं पहिलं ताट वाढून घेतलं. मलिद्याचा गोळा, भाकरी, रश्शाची वाटी, फोडी. सगळ्यांना माहीत होतं की ताट कुणाचं आहे आणि सगळ्यांना गळ्यातली माळही दिसत होती. चिपाड्यानं मागच्या पायांवर उभं राहून तिच्या साडीला पंजे लावले. कुणी मागतं तेव्हा सुमन कशी बघते ते मला ठाऊक होतं. दिवाळीला कोंबड्या घेऊन आली होती, तेव्हा तेच तोंड होतं तिचं.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मग माझ्यासमोर येऊन तिनं ते ताट खाली ठेवलं.

"ताई, हे त्याच्या वाटचं. त्याच्या बदली तुमी खा."

आणि कुत्र्याला काखेत घेऊन ती पलीकडे गेली, माळकऱ्यांच्या पंगतीत, तात्यांच्या शेजारी बसली. गयाबाई ओरडली, "आगं सुमे, तुझीच कंदुरी आन् तूच वरण-भात खाती व्हय?"

"मंग काय, त्याला एकट्याला बसवू?" सुमननं तिकडूनच उत्तर दिलं. "माझ्या तोंडाचा वास आला तर रुसंल ते." तात्या हसत थोडे सरकले. पंगतीत एक पत्रावळ जास्तीची मांडली गेली.

पुढे प्रत्येक हंगामात चिपाड्या तिच्याबरोबर फडात गेला, गळ्यात माळ घालून. परक्या मुलखातही कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, असं ती सांगते. बऱ्यापैकी जगला. एका उन्हाळ्यात झोपेत गेला, तिच्याच घरात. त्या दुपारी ती माझ्याकडे येऊन बसली होती. आम्ही दोघींनी चहा घेतला आणि म्हशींविषयी बोललो.

पण मनात येतो तो हा शेवट नाही. टँकर आला की मला ती पंगत आठवते. माझ्यापुढे चिपाड्याच्या वाटचं ताट, रस्सा जहाल तिखट, नाकातून पाणी येतंय. पलीकडे सुमन वरण-भात कालवतेय, बोटांनी शितं मोडून बारीक घास करतेय. चिपाड्या भराभरा खातोय, पत्रावळीला नाक लावून आणखी मागतोय. तिचा हात भाताकडे जातो. वाढीव घास उचलतो. माझ्या तोंडात शब्द आलाच होता, बास म्हणायला.

तेवढ्यात सुमननं उचललेला घास स्वतःच्या तोंडात टाकला आणि पत्रावळ त्याच्यापुढून ओढून घेतली.

"पुरं आता, बुवा," ती म्हणाली, आणि आपला रिकामा हात त्याला चाटायला दिला.